मेंदा

म्हापशाला, तारीजवळच्या छापखान्यात
बावीस वर्षं मी चुका वेचल्या.
तांदळातले खडे वेचावेत तशा. नव्हे,
खडा निदान दाताखाली येतो,
काना ढळतो तेव्हा आवाज होत नाही.

त्या दिवशी एर्मेलिंदा बाय जिना चढून आली.
लिसेवात लॅटिन शिकवलेली, ब्याऐंशीची,
एका हातात छत्री, दुसऱ्यात प्रूफ.
नवऱ्याच्या माघारी त्याच्या इंग्रजी लेखांची
पुस्तिका काढत होती, चाळीस पानी.
सतराव्या पानावर ‘इमेंड’ होतं,
मी इ खोडून अ केला होता.
ठसठशीत, लाल.
“हें कोणें केलां?”
मी, म्हणालो. थोडा ताठ होऊनच.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली नाही.
“मेंदा म्हणजे डाग. खोट.
पुढचा स्वर म्हणतो, बाहेर.
डाग बाहेर काढायचा, पोरा, कापड नव्हे.
कायदा अमेंड करतात, वागणूकही करतात म्हणे,
इमेंड करायचं ते फक्त लिहिलेलं,
आणि तेही लिहिणाऱ्याचा हात
आपल्या हाताखाली जाणवत असेल तर.”

खाली काय्तानचं शिलाईयंत्र खडखडत होतं.
“तो विजारीला रेमेंद लावतोय ना,
तो याच घरातला शब्द.
इंग्रजांचा मेंडसुद्धा. त्याचं पहिलं अक्षर
पायरीसारखं झिजून गेलं.”
मग खिडकीतून छत्रीचं टोक बाजाराकडे:
“आणि नारळवाल्यांपाशी हात पसरून बसतो, तोही.
लॅटिनात भिकाऱ्याचं नाव याच मुळातलं.
अंगात खोट असलेला, तो भिकारी.
शब्दांना फार देव मानू नकोस.”

इ परत बसवला. ती गेली.
जिन्यात छत्रीचं पाणी बराच वेळ होतं.

रात्री आमचाच शब्द काढून बसलो.
शोधन: निर्मळ करणं.
शोधणं: हुडकणं.
धातू एक.
बावीस वर्षं पगार घेतला तो पहिल्याचा.
दुसरं कधी कोणी मागितलं नाही,
मीही दिलं नाही.

तेव्हा बाबल तारी आठवला, शापोऱ्याचा.
चौकटीतली जाहिरात, वहीच्या पानावर पेन्सिलीनं:
‘आमची आवय शेवंती तारी…’
मी आवय खोडली, आई लिहिलं.
मातोश्री करावं का, असाही विचार केला होता.
दहाव्या दिवशी तो पेपर घेऊन आला,
वाटलं, पैसे परत मागेल.
त्यानं त्या शब्दावर बोट ठेवलं. बोटाला जाळ्याचे वळ.
“ही कोणाली आई?
आमकां आवय आशिल्ली.”
वर्तमानपत्राची भाषा शुद्ध लागते, मी सांगितलं.
अगदी समजावून सांगितलं.
त्यानं पेपर चार घड्या घालून
सदऱ्याच्या खिशात ठेवला,
जसा कोणी उरलेली मोड ठेवतो.

माळ्यावर वह्यांचे गठ्ठे आहेत, वाळवीनं अर्धे नेलेले.
तीन रविवार गेले.
चौथ्याला ते पान सापडलं:
पेन्सिल फिकट, माझी लाल रेघ मात्र ताजी,
जणू कालच कोणाला काही शिकवलं.

आमच्या धंद्यात एक खूण आहे.
चुकून खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची,
म्हणजे जुळाऱ्याला कळतं: राहू दे.
आवयखाली मी टिंबं दिली.
एक. दोन. तीन.

छापून झालेल्या मजकुराला
ही खूण लागू होत नाही, ठाऊक आहे.
जुळारीही गेला मागच्या साली.
तरी पान उन्हात धरून पाहिलं,
टिंबं पलीकडच्या बाजूला उमटली होती,
कोऱ्या बाजूला,
कशाखालीच नसलेली.